शून्य नोंदी सापडल्या



विनोबांच्या जन्मगावी, गागोद्याला, विनोबांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांची एक रास्त अपेक्षा असते. भूदान, गीताई, पवनार. त्यावर अधिकारानं बोलणारी माणसं इथे समोरच बसली आहेत, आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा शिक्षक. रोगजंतूंचे जीनोम संगणकावर साठवले जातात, ते कसे शोधायचे, कसे गाळायचे, आणि गाळून हाती आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हा माझा आजचा विषय. संयोजकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग म्हणाले, ‘या तुम्ही.’ त्यांचे आभार.

विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला गेले. त्यानंतर महिन्याभरानं, डिसेंबर १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या ‘जेनबँक’ या जनुकक्रमांच्या भांडाराची एक सार्वजनिक आवृत्ती निघाली. तिच्यात नोंदी होत्या ६०६ आणि सगळी मिळून अक्षरं होती ६,८०,३३८. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण ज्या विनोबांनी आयुष्यभर विज्ञानाची बाजू घेतली, त्यांच्या व्याख्यानमालेत हा विषय परका ठरू नये, एवढंच म्हणतो.

आज काय स्थिती आहे? एकट्या करोना विषाणूचे दीड कोटीहून जास्त जीनोम ‘गिसएड’ नावाच्या भांडारात आहेत. एकेक जीनोम सुमारे तीस हजार अक्षरांचा. वुहानहून आलेला जो जीनोम सगळे प्रमाण धरतात, तो नेमका २९,९०३ अक्षरांचा आहे. ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं, आणि पाचवं एक आहे, त्याच्याकडे मी नंतर येतो. पाचवंच महत्त्वाचं आहे.

दीड कोटींमधून आपल्याला हवं ते कसं काढायचं? इतक्या लांब कशाला, आपल्या रायगडचंच उदाहरण घेऊ.

ऑगस्ट २०२१ मध्ये रायगड जिल्ह्यातला ‘डेल्टा प्लस’चा पहिला मृत्यू जाहीर झाला. गाव नागोठणे, तालुका रोहा. जनुकक्रमाचा अहवाल आला तेव्हा रुग्ण हयात नव्हता. त्यांचं वय, ते कधी गेले, हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मी ते इथे सांगणार नाही. का नाही, ते पुढे बोलू.

आता समजा, तुम्ही पेणच्या एखाद्या महाविद्यालयात संगणकापुढे बसला आहात आणि तुमचा प्रश्न आहे : त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात करोनाचे कोणते प्रकार फिरत होते? प्रश्न साधा आहे ना? बघा कसा वाकडा होत जातो.

पहिली गाळणी ठिकाणाची. खंड, देश, राज्य, मग जिल्हा. आशिया, भारत, महाराष्ट्र इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. जिल्ह्याशी आली की अडते. जिल्हा नोंदवणं सक्तीचं नसतं, त्यामुळे असंख्य नोंदी ‘महाराष्ट्र’ एवढ्यावरच थांबतात. ज्यांनी जिल्हा लिहिला, त्यांनी तो रोमन लिपीत लिहिला. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला. पण २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत शेवटी ‘गड’ नाही, ‘गढ’ आहे. आणि रोमनमध्ये तसाच लिहिला जाणारा रायगढ नावाचा एक आख्खा जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे! म्हणजे तुम्ही एका स्पेलिंगनं शोधलंत तर आपली अर्धी माणसं गळणार, दुसऱ्यानं शोधलंत तर छत्तीसगडची माणसं आपल्यात येणार. तिसरा धोका याहून मोठा. नमुना नागोठण्याचा असेल, पण जनुकक्रम पुण्याच्या प्रयोगशाळेत वाचला गेला आणि भरणाऱ्यानं घाईत ठिकाण ‘पुणे’ टाकलं, तर तो विषाणू कायमचा पुणेकर झाला. (पुणेकरांना त्याचंही श्रेय घ्यायला हरकत नसेल.)

दुसरी गाळणी तारखेची. पण कोणत्या तारखेची? भांडारात दोन तारखा असतात. नाकातून नमुना घेतला ती एक, आणि वाचलेला जीनोम भांडारात जमा केला ती दुसरी. दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर असू शकतं, सहा महिन्यांचंही. डेल्टा ज्या कुळातला, त्या कुळाचा जगातला सर्वांत जुना नोंदलेला नमुना भारतातला, ऑक्टोबर २०२० चा आहे. पण ऑक्टोबर २०२० मध्ये कोणाला काही कळलं होतं का? नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्यानं वाढले, २२ फेब्रुवारीपासून तिथे टाळेबंदी लागली, आणि २४ मार्चला केंद्र सरकारनं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र दिसत आहेत. जमा केल्याच्या तारखेनं शोधणाऱ्याला साथ वसंतात सुरू झालेली दिसते. नमुन्याच्या तारखेनं शोधणाऱ्याला ती दिवाळीच्या आधीच दारात आलेली दिसते. जीनोम तेच, भांडार तेच. फक्त कोणत्या चौकटीत टिचकी मारली याचा फरक.

त्या २४ मार्चच्या निवेदनातला एक आकडा पुष्कळांच्या लक्षात असेल. हे दोन बदल १५ ते २० टक्के नमुन्यांत आहेत, असं त्यात म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभरातल्या वीस रुग्णांना हा प्रकार झालाय. पण टक्के कशाचे? जनुकक्रम वाचलेल्या नमुन्यांचे. आणि वाचायला कोणते नमुने जातात? ज्यांत विषाणू भरपूर असतो तेच. म्हणजे आरटी-पीसीआरमध्ये सीटीचा आकडा कमी आलेले. ज्याला सौम्य ताप आला आणि जो तपासणीलाच गेला नाही, तो या टक्क्यांच्या बाहेर. ज्याचा नमुना बर्फाविना दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिला, तोही बाहेर. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं दहा प्रयोगशाळांची ‘इन्साकॉग’ ही साखळी उभी केली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि पेशीविज्ञान केंद्र ही दोन्ही तिच्यात होती. बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचायचे, असं ठरलं होतं. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात ते जमलं नाही, जमणं शक्यही नव्हतं.

तिसरी गाळणी प्रकाराची. इथे तुम्ही ‘डेल्टा प्लस’ असं लिहाल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘डेल्टा प्लस’ असं नावच नाही. ते वर्तमानपत्री नाव. ३१ मे २०२१ ला संघटनेनं ग्रीक अक्षरं दिली, तेव्हा बी.१.६१७.२ ला ‘डेल्टा’ म्हटलं. त्यात के४१७एन हा आणखी एक बदल आला, त्याला लोक ‘प्लस’ म्हणू लागले. शास्त्रीय वंशावळीत ते एवाय.१ आणि एवाय.२. मग डेल्टाला शाखा फुटत गेल्या, एवाय.३, एवाय.४ अशी रांग लागली आणि आपल्या राज्याच्या ‘डेल्टा प्लस’च्या मोजणीत के४१७एन नसलेल्या शाखाही येऊन बसल्या. कोणी फसवलं नाही. वंशावळ नव्यानं लिहिली जात होती. जो नमुना जुलैमध्ये नुसता डेल्टा होता, तो सप्टेंबरमध्ये, एकही अक्षर न बदलता, एवाय-अमुक झाला. त्यामुळे २०२१ मध्ये जी गाळणी लावून जे उत्तर आलं, तीच गाळणी आज लावलीत तर तेच उत्तर येईल, या भरवशावर राहू नका.

मग करायचं काय? जाणकार माणूस नावानं शोधत नाही, बदलानं शोधतो. विषाणूच्या काट्याच्या प्रथिनात १,२७३ जागा आहेत. त्यातल्या ४१७व्या जागी के बदलून एन झालंय का, ४५२व्या जागी एल बदलून आर झालंय का, ४७८व्या जागी टी बदलून के झालंय का? तिन्ही असतील तेवढे जीनोम दाखव. नाव काही का असेना. झुरिकच्या मंडळींनी बांधलेलं ‘कोव्ह-स्पेक्ट्रम’ हे साधन अशा प्रश्नांसाठीच आहे. प्रत्येक जागी कोणत्या जीनोममध्ये काय अक्षर आहे, याची यादी ते आधीच तयार ठेवतं, म्हणून लाखो जीनोमांचं उत्तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत येतं.

आणि इथेच ते पाचवं अक्षर आडवं येतं.

ते अक्षर म्हणजे ‘एन’. (मघाशी ४१७व्या जागी आलेला एन वेगळा, तो प्रथिनाच्या भाषेतला.) जीनोममधला एन म्हणजे : या जागेवर काय आहे ते यंत्राला वाचता आलं नाही. विषाणूचा जीनोम एका दमात वाचत नाहीत. आधी त्याचे तुकडे वाढवून घेतात, मग वाचून जुळवतात. एखादा तुकडा वाढलाच नाही, तर तेवढ्या भागात एन, एन, एन अशी माळ लागते. डेल्टाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. जगभर वापरल्या जाणाऱ्या रसायनसंचाच्या तिसऱ्या आवृत्तीत एक विशिष्ट तुकडा डेल्टावर नीट पकडलाच जाईना, कारण पकडायच्या जागीच डेल्टामध्ये बदल झालेला. परिणाम काय? काट्याच्या प्रथिनातला, १४२व्या जागेवरचा जी१४२डी हा बदल डेल्टामध्ये सर्रास असूनही कित्येक नोंदींत दिसेनासा झाला.

म्हणजे बघा. ‘हा बदल आहे का?’ असं विचारलं तर भांडाराजवळ खरं तर तीन उत्तरं असतात. आहे. नाही. वाचलंच नाही. पण शोधाच्या पानावर चौकटी असतात दोनच. तिसरं उत्तर गपचूप ‘नाही’मध्ये जाऊन बसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी या एका गोष्टीसाठी छळलंय. बदल सापडला नाही असं म्हणण्याआधी ती जागा वाचली गेली होती का, ते बघितलंस का? नाही बघितलं? मग परत जा.

यावर भांडारांनी एक तोड काढली आहे, गुणवत्तेची गाळणी. गिसएडमध्ये ‘पूर्ण’ म्हणजे २९ हजारांहून जास्त अक्षरं, ‘उत्तम’ म्हणजे एन एक टक्क्याहून कमी, पाच टक्क्यांहून जास्त एन असेल तर वगळायची सोय. शिवाय ‘दिवसासकट पूर्ण तारीख असलेल्याच नोंदी’ अशीही एक चौकट आहे. नवशिक्या सगळ्या चौकटींत टिचक्या मारतो. स्वच्छ काम, असं त्याला वाटतं. पण या स्वच्छतेत कोण गळालं? ज्या केंद्रातून नमुना गरम होऊन पोहोचला ते. ज्या फॉर्मवर नुसतं ‘एप्रिल २०२१’ लिहिलं होतं ते. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचे नमुने टिकतात, डोंगरातल्या वाडीचे गळतात, आणि उरतं ते चित्र ‘महाराष्ट्राचं’ म्हणून छापलं जातं. गाळणी लावू नका असं मी म्हणत नाही. लावल्यावर काय गळालं त्याचीही मोजदाद ठेवा, इतकंच म्हणतो. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, तुम्ही फॉर्मवर घालता ती तारीख आणि ते गावाचं नाव, यावर हा सगळा डोलारा उभा आहे. झुरिकच्या संगणकाला तुमच्याहून जास्त काही माहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं करून शेवटी पडद्यावर येतं : शून्य नोंदी सापडल्या. याचा अर्थ काय? रोग नाही?

पुरंदर तालुक्यातलं बेलसर घ्या. जुलै २०२१. करोनाच्या धामधुमीत गावात तापाचे रुग्ण वाढले. प्राथमिक आरोग्य केंद्रानं करोना नाही म्हणून विषय मिटवला नाही, रक्ताचे नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवले. चिकुनगुन्या निघाला, डेंग्यू निघाला, संस्थेचं पथक गावात आलं, आणि ३१ जुलैला जाहीर झालं की महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण बेलसरला सापडलाय. त्या दिवसापर्यंत कोणत्याही भांडारात ‘झिका, महाराष्ट्र’ असं शोधणाऱ्याला काय मिळालं असतं? शून्य. मग झिका काय फक्त बेलसरलाच उतरला होता? डास काय गाव बघून चावतात? बेलसरनं विचारलं म्हणून बेलसरला सापडला. शेजारच्या ज्या गावांनी विचारलं नाही त्यांच्यापुढे शून्यच राहिलं, आणि ते शून्य बेलसरपेक्षा निरोगी दिसत राहिलं.

याची शिक्षाही विचारणाऱ्यालाच होते, हे आणखी वाईट. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आणि बोत्स्वानातल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखला, जीनोम लगेच सगळ्यांसाठी खुले केले. जगानं आभार मानले ते त्यांची विमानं बंद करून. आपल्याकडच्या प्रकाराला परदेशी वाहिन्या ‘इंडियन’ म्हणत राहिल्या. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं तर काय सांगावं. १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेला एक नवा विषाणू मिळाला आणि त्याला गावाचं नाव दिलं गेलं. वाळूमाशीमुळे पसरणारा, मुलांचा मेंदू सुजवणारा हा विषाणू २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये मुलांच्या जिवावर उठला, तेव्हा बातमी गुजरातची आणि नाव विदर्भातल्या गावाचं. आजारांना गावांची नावं देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं ते २०१५ मध्ये. चांदीपुऱ्याला त्याचा काय उपयोग?

तर मग आपली माहिती द्यायची तरी कशाला?

याचं उत्तर याच गावात आहे. विनोबांनी आपल्या आईच्या ज्या आठवणी सांगितल्या, त्यांत अंगणातल्या फणसाची एक आहे. फणस पिकला की पोरांना घाई. आई तो फोडून द्रोण भरायची, पोरांच्या हाती द्यायची आणि आधी घरोघर वाटून यायला लावायची. वाटून झालं की मुलांना जवळ बसवून खायला द्यायची. आपण ही गोष्ट सांगताना वाटपाशी थांबतो. मला तिचा शेवट महत्त्वाचा वाटतो. मुलांना शेवटी मिळायचा, पण मिळायचा.

इंडोनेशियाला मिळाला नाही. बर्ड फ्लूचे नमुने त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या यंत्रणेला दिले, त्यावरून परदेशी कंपनीनं लस बनवायला घेतली, आणि ती लस इंडोनेशियाला परवडणारी नव्हती. २००७ च्या सुरुवातीला त्यांनी नमुने देणं बंद केलं. जग संतापलं. पण त्यांचं चुकलं काय? त्या भांडणानंतर २०११ मध्ये फ्लूच्या नमुन्यांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. गिसएड २००८ मध्ये उभं राहिलं तेही याच वातावरणात : माहिती सगळ्यांना दिसेल, पण वापरणाऱ्यानं आपलं नाव सांगून आत यायचं आणि देणाऱ्याचं नाव घ्यायचं. जेनबँकेत असली अट नाही, कोणीही या. दोन्ही पद्धतींचे कट्टर पुरस्कर्ते आहेत आणि ते एकमेकांशी फार गोड बोलत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘पॅथोप्लेक्सस’ नावाचं नवं भांडार सुरू झालं. त्यात देणाऱ्याला काही काळ, जास्तीत जास्त वर्षभर, आपल्या जीनोमवर पहिला हक्क राखता येतो आणि मग तो सगळ्यांचा होतो. मला हा मार्ग पटतो. आपल्या देशाचं स्वतःचं जैविक माहितीचं भांडारही फरिदाबादला २०२२ मध्ये उघडलं आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दिल्लीला दिलेला फणस गावात परत येतो का, हा प्रश्न तिथेही विचारावा लागेल. नागोठण्याचा अहवाल रुग्ण गेल्यावर आला. साथीच्या अभ्यासाला तो उपयोगी पडला, यात वाद नाही. घरच्यांना त्यातून काय मिळालं?

आणि आता ते वय. मी ते का सांगितलं नाही? जीनोम विषाणूचा असतो, त्यात माणसाचं काही नसतं, असं आम्ही शास्त्राचे लोक सहज म्हणतो. पण नोंदीत जीनोमशेजारी वय असतं, लिंग असतं, तारीख असते, ठिकाण असतं. मुंबईतल्या कोणाही साठीच्या बाईला यावरून ओळखता येणार नाही. पण गाव तीनशे उंबऱ्यांचं असेल तर? तारीख आणि वय दिलंत की चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत नाव निघतं. म्हणजे मघापासून ज्यासाठी मी भांडतोय, बारीक ठिकाण आणि नेमकी तारीख, तेच लहान गावातल्या माणसाला उघडं पाडतं. मार्ग आहे : जाहीर भांडारात जिल्ह्यापर्यंतच ठिकाण आणि वयोगट, नेमकं गाव आणि नेमकं वय आरोग्य खात्याच्या बंद दप्तरात. यानं संशोधकाची थोडी गैरसोय होते. होऊ द्या.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम. गिसएडला नोंदणी लागते, ती सोडा. अमेरिकेच्या जेनबँकेचंच ‘एनसीबीआय व्हायरस’ नावाचं पान आहे, तिथे काही भरावं लागत नाही. शाळेच्या संगणकावर ते उघडा आणि विषाणूच्या जागी ‘चांदीपुरा’ टाका, रोमनमध्ये. जेवढ्या नोंदी येतील तो आकडा वहीत लिहा. मग डावीकडच्या गाळण्या एकेक करून लावा, एकदम नाही : देश भारत, यजमान माणूस, नमुन्याची तारीख, लांबी. पूर्ण जीनोम सुमारे ११ हजार अक्षरांचा, त्यामुळे लांबीची गाळणी लावताच दिसेल की बऱ्याच नोंदी म्हणजे एखाद्याच जनुकाचा तुकडा आहेत. प्रत्येक गाळणीनंतर किती उरल्या ते लिहा, आणि किती गळाल्या त्याचा वेगळा रकाना करा. त्या साथीच्या काळात देशभरात जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्ट २०२४ पर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा विषाणू असल्याचं नक्की झालं. त्या ६४ पैकी किती जणांचा पूर्ण जीनोम, राज्याच्या नावासकट आणि पूर्ण तारखेसकट, तुमच्या पडद्यावर उरतो ते मोजा, आणि तो आकडा मला कळवा.